ग्रेनथॉर्पमधली वास्तुशांत

"पण इथं माती कुठाय?" वझेगुरुजींनी विचारलं.

पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात आम्ही चौघं उभे होतो. गुरुजींच्या हातात मोबाइल, त्यावर होकायंत्र. उमेशच्या हातात मागून आणलेली विजेची करवत. त्याच्या बायकोच्या, रेवतीच्या हातात वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा, लाल कापडात गुंडाळलेली. माझे हात रिकामे होते.

"माती खाली आहे," उमेश म्हणाला. "घर लाकडी खुंटांवर उभं आहे. कमरेएवढं उंच."

"मग पुरायची कशी?"

"या लाकडी जमिनीला भोक पाडतो की. मी घराखाली सरपटत जातो, खड्डा खणतो. तुम्ही वरनं प्रतिमा सोडा."

गुरुजींनी मान हलवली. ते सोमवार ते शुक्रवार सिडनीत विमा कंपनीत काम करायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. बहुतेक पूजा फ्लॅटमध्ये होत, तिथे प्रतिमा कुंडीत ठेवायची सोय त्यांनी काढली होती. लाकडी घर त्यांनाही नवीन होतं.

"आणि हीच आग्नेय ना नक्की?" उमेशनं विचारलं. "इथं सूर्य उत्तरेकडनं जातो. सगळं उलटं आहे."

"सूर्य कुठूनही जाऊ दे. होकायंत्र दाखवेल ती आग्नेय. चला, उरका. मला रात्री परत सिडनीला जायचंय, उद्या नऊला मीटिंग आहे."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. न्यू साउथ वेल्समधल्या ग्रेनथॉर्प नावाच्या गावात माझ्या नवऱ्याची शेती संशोधन केंद्रात नोकरी होती. पुण्यात मी दैनिकात बातमीदार होते, तिथेही गावच्या छोट्या दैनिकात तेच काम मिळालं. गावात मराठी घरं दोनच. आमचं, आणि डॉक्टर उमेश चौगुलेचं. तो मूळचा कोल्हापूरचा, गावच्या इस्पितळात नोकरीला.

त्यानं घेतलेलं घर 'फेडरेशन' पद्धतीचं होतं. १९०१ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहती मिळून एक देश झाला, त्या सुमारास बांधलेल्या घरांना तिथे हे नाव आहे. उतरतं छप्पर, दर्शनी त्रिकोणात लाकडी पट्ट्यांचा उगवता सूर्य, व्हरांड्याला झालरीसारखी नक्षी. इतर ठिकाणी अशी घरं विटांची असतात. ग्रेनथॉर्पची नदी जंगलातून येते, गावात पूर्वी लाकूड कापायच्या गिरण्या होत्या, म्हणून इथली लाकडाची.

उमेशला ते घर पाडायचं होतं.

हौस म्हणून नव्हे. कोल्हापुरात त्याच्या वडिलांना, अण्णांना, पक्षाघात झाला होता. ते चाकाच्या खुर्चीत होते. आजवर धाकट्या भावाकडे होते, पण त्याची बदली नागपूरला झाली होती आणि त्याच्या बायकोनं हात टेकले होते. अण्णांना इकडे आणायचं तर बसकं घर हवं, दाराशी पायरी नको, न्हाणीघरात खुर्ची फिरली पाहिजे. हे घर उंच खुंटांवर, पुढे मागे जिने, दारं अरुंद. उमेशनं नव्या घराचे नकाशे काढून घेतले होते. दिवाळीपर्यंत घर उभं राहिलं तर अण्णा थेट इथे येणार होते. नाही राहिलं तर वृद्धाश्रम. त्याची नावनोंदणीही भावानं करून ठेवली होती.

अडचण एकच होती आणि ती समोर राहत होती. विनी टॉलिस, ऐंशी ओलांडलेली, गावच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. घर तिच्या आजोबांनी बांधलं होतं, ती तिथेच वाढली होती. पुढे ते तिच्या भाच्यांच्या वाट्याला गेलं आणि त्यांनी विकलं. घर वारसा म्हणून जपावं, पाडू देऊ नये, असा अर्ज विनीनं नगरपालिकेकडे केला होता. तिचं म्हणणं, आजोबांची लाकडाची गिरणी होती आणि पुढच्या खोलीची जमीन त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला नमुन्यांची केली होती. या खोऱ्यातल्या प्रत्येक झाडाची एकेक फळी.

नगरपालिकेच्या तज्ज्ञानं घर पाहिलं. पुढच्या खोलीच्या जमिनीवर काळ्या डिंकानं पक्का चिकटवलेला चिपबोर्ड, दाबलेल्या भुशाचा तक्ता, होता, तो उचकटायला उमेशनं परवानगी दिली नाही. तसा त्याला हक्क होता. तज्ज्ञ घराखाली बॅटरी घेऊन गेला तर वर सगळं एकसारखं करडं, धुळकटलेलं लाकूड. नमुन्याच्या जमिनीचा पुरावा नाही, व्हरांड्याची एक बाजू पत्र्यानं बंद केलेली, अशी घरं गावात आणखी आहेत, असा अहवाल त्यानं दिला. मंगळवारी सभेत मतदान होतं. अर्ज फेटाळला जाणार हे सगळे धरून चालले होते.

आणि आदल्या आठवड्यात रेवतीनं मला फोन करून वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं.

"पाडायचंय ना घर?" मी विचारलं. "मग वास्तुशांत कशाला?"

"पाडेपर्यंत राहायचंय ना त्यात? शांत केल्याशिवाय मला झोप यायची नाही. नव्या घराची परत करू."

"आणि विनीला बोलावलंस?"

"बोलावलं की. शेजारीण आहे. भांडण नगरपालिकेत, घरात कशाला?"

विनी आली ती करवत सुरू व्हायच्या जरा आधी. हातात तिच्या झाडाच्या लिंबांची परडी. दाराशी बूट काढले, मोज्यांवर आत आली. उमेशनं तिला खुर्ची दिली. तो तिला मिस टॉलिस म्हणायचा, रेवती विनीआजी.

"काय कापतोस, डॉक्टर?" विनीनं इंग्रजीत विचारलं.

"फक्त एवढासा चौकोन," उमेशनं वीतभर माप दाखवलं. "पूजेसाठी."

करवत सुरू झाली. आधी चिपबोर्डचा फिकट, रबरासारख्या वासाचा भुसा उडाला. मग करवतीचा आवाज बदलला, जाड झाला.

"अजून एक थर आहे खाली," उमेश ओरडला आणि कापत राहिला.

भुसा लाल झाला. कुंकवासारखा नाही, विटेसारखा लाल. चार बोटं पुढे गेल्यावर दुधासारखा पांढरा. मग पिवळा. मग गुलाबी झाक असलेला तपकिरी. प्रत्येक रंगाबरोबर वास बदलत होता. एक मिरीसारखा, एक चक्क गुलाबासारखा. रेवती पदर नाकाशी नेता नेता थांबली. गुरुजी म्हणाले, "अरे वा."

उमेशनं करवत बंद केली.

विनी खुर्चीतून उठून गुडघ्यांवर बसली. तिनं लाल भुसा चिमटीत घेतला, हुंगला. कापलेला चौकोन उमेशनं उचलून बाजूला ठेवला. त्याच्या कडेला चिपबोर्डखाली वेगवेगळ्या रंगांच्या फळ्या शेजारी शेजारी स्पष्ट दिसत होत्या. लहान मुलालाही कळलं असतं.

उमेश माझ्याकडे वळला. "ताई," तो मराठीत हळू म्हणाला, "हे पेपरात यायचं नाही हं. पाया पडतो."

"काय म्हणतोय तो?" विनीनं मला विचारलं.

"हे छापू नका म्हणतोय," मी इंग्रजीत सांगितलं.

उमेशचा चेहरा पडला. मी भाषांतर करीन असं त्याला वाटलं नव्हतं. पण तिनं मला सरळ प्रश्न विचारला होता.

विनी खुर्चीचा हात धरून उठली. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "कार्य त्याच्या घरचं आहे. मीसुद्धा इथे जेवायला आलेय, तपासणीला नाही." मग रेवतीकडे पाहून, "या खोलीत आता चहा मिळतो का ग, की पूजा झाल्यावरच?"

"पूजा झाल्यावरच, विनीआजी," रेवती म्हणाली.

गुरुजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाट मांडले. होमाच्या धुरानं छताला लावलेला आगीचा भोंगा वाजू नये म्हणून रेवतीनं त्याला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली. उमेश सोवळं नेसून बसला, रेवती त्याच्या उजव्या हाताला. विनी खुर्चीत, मी तिच्या शेजारी.

संकल्प सुरू करण्याआधी रेवती म्हणाली, "गुरुजी, आजींना जरा इंग्रजीत सांगाल का, कशासाठी करतोय ते? नुसत्या बसल्यात बिचाऱ्या."

गुरुजींनी घसा साफ केला. पॉलिसी समजावून द्यायची सवय असलेला माणूस, सांगितलं मात्र नेमकं. "घर बांधायचं म्हणजे हिंसा होते, मॅडम. जमीन खणली जाते, मुंग्या-किडे मरतात, झाडं तोडली जातात. ते सगळं आपण राहायला सुखाची जागा मिळावी म्हणून. त्याची आधी क्षमा मागायची आणि मगच इथे राहायचं. एवढंच आहे बघा. बाकी तपशील."

"झाडांची क्षमा?"

"हो."

"कुठल्या झाडांची?"

"म्हणजे... या घराला जी लागली त्यांची. सगळ्यांची मिळून."

"नावं नाही घेत?"

गुरुजी थांबले. त्यांनी पोथीची दोन पानं उलटली. "सहसा माहीत नसतात," ते म्हणाले. "माहीत असली तर घ्यायला हरकत काहीच नाही. उलट चांगलंच."

"मला माहीत आहेत," विनी म्हणाली. "आम्ही भावंडं या जमिनीवर लंगडी घालायचो. ज्या फळीवर पाय पडेल तिचं नाव घ्यायचं, चुकला तो बाद."

उमेशनं मान वर केली. क्षणभर मला वाटलं तो नाही म्हणेल. त्याच्या तळहातावर पळीभर पाणी होतं, ते बोटांच्या फटीतून गळत होतं. रेवतीनं त्याच्या हातावर पुन्हा पाणी घातलं.

"सांगा," तो म्हणाला.

मग गुरुजींनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. झाडं तोडण्याच्या दोषाचा उल्लेख आला तिथे ते थांबले आणि विनीकडे पाहिलं.

"रेड सीडर," विनी म्हणाली.

"रेड सीडर-वृक्ष," गुरुजींनी संस्कृतात जोडलं.

"रेड सीडर-वृक्ष," उमेश म्हणाला.

"हूप पाइन. रोझवुड. सिल्की ओक." विनी मोज्यातल्या पायाचा अंगठा हलवत होती, एकेका फळीवरून चालल्यासारखा. "कोचवुड. ब्लॅक बीन. यलोवुड."

गुरुजी एकेकाला 'वृक्ष' जोडत गेले आणि उमेश मागोमाग म्हणत गेला. त्याच्या कोल्हापुरी उच्चारात ती इंग्रजी नावं आणि त्यांच्यामागचं संस्कृत. हसू यायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

"व्हाइट बीच," विनी म्हणाली आणि थांबली. "हे आता खोऱ्यात एकही नाही. माझ्या आजोबांनी शेवटची काढली. आहे ते तुमच्या या चिपबोर्डखाली."

गुरुजींनी तेही संकल्पात घातलं. उमेशला ते म्हणायला वेळ लागला. मग त्यानं म्हटलं आणि ताम्हनात पाणी सोडलं.

पुढचं सगळं यथासांग झालं. होम झाला, भोंगा वाजला नाही. शेवटी उमेश सोवळ्यातच घराखाली सरपटत गेला. भोकातून त्याचा आवाज येत होता, "जरा डावीकडं, गुरुजी. अजून. दगड आहे हो इथं." गुरुजी भोकाशी पालथे पडून हात खाली घालून म्हणत होते, "तोंड खाली करून ठेवा, डॉक्टर, तोंड खाली. तुमचं नव्हे, प्रतिमेचं." रेवती तेवढ्यापुरती हसली. माती लोटल्याचा आवाज आला. रेवतीनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तो बाहेर आला. सोवळ्यावर माती, केसांत जळमटं. हात धुवायला गेला आणि जेवणं होईपर्यंत वाढत राहिला. विनीनं पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी पाण्याचा ग्लास शेजारी ठेवून संपवली आणि दुपारी घरी गेली.

सोमवारी सकाळी मी ग्रॅहमला, आमच्या संपादकाला, सांगितलं की टॉलिस घराची बातमी मी करणार नाही.

"का? चार महिने तूच करते आहेस."

"काल मी त्यांच्याकडे जेवायला होते."

"मग?"

"मग आता माझ्याकडे असं काहीतरी आहे जे मी छापू शकत नाही. आणि ते माहीत असताना 'पुरावा नाही' असंही लिहू शकत नाही. दुसऱ्या कोणाला तरी दे."

ग्रॅहमनं वहीत काहीतरी खोडलं. बातमी दुसऱ्याला दिली. मंगळवारच्या अंकात अहवालाच्या आधारे ती आली. घर वाचण्याची शक्यता नाही, असं तिच्यात होतं.

त्याच दिवशी दुपारी उमेश इस्पितळातून थेट आमच्या कचेरीसमोर येऊन थांबला. गाडीतून उतरलाही नाही, काच खाली केली.

"ताई, तुम्ही छापून टाकायचं होतं."

"तूच नको म्हणालास."

"म्हणालो. पण छापलं असतंत तर तुम्हाला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्या म्हातारीनं नगरपालिकेत जाऊन सांगितलं असतं तर तिला दिल्या असत्या. तुम्ही दोघींनी मला एकट्याला सोडलंय."

"काय करणार आहेस?"

"भावाचा फोन आला होता. आश्रमात खोली रिकामी झालीय. विचारतोय, पक्की करू का, की दिवाळीपर्यंत थांबू." तो पुढे रस्त्याकडे बघत होता. "रेवतीला विचारलं काय करू. ती म्हणते, संकल्पाच्या पाण्याचा हात तुझा होता, तू ठरव."

सभा संध्याकाळी होती. मी बातमीदारांच्या बाकावर न बसता लोकांत मागे बसले. विनी पुढच्या रांगेत, निळ्या टोपीत. तिला बोलायची संधी दिली तेव्हा ती उभी राहिली, म्हणाली, "मला जे सांगायचं ते अर्जात आहे," आणि बसली. रविवारचं एक अक्षर नाही. नगरसेवकांना ती हरल्यासारखी वाटली असणार. एक जण घड्याळ बघत होता.

मग अध्यक्षांनी मालकाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं. उमेश उठला. कागद आणला नव्हता.

"तुमच्या अहवालात चूक आहे," तो म्हणाला. "नमुन्याची जमीन आहे. चिपबोर्डखाली. मी रविवारी स्वतः करवतीनं कापली. तज्ज्ञांना उद्या सकाळी पाठवा, मी उचकटून दाखवतो."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "डॉक्टर चौगुले, हे तुमच्याच विरुद्ध जातं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग का सांगताय?"

उमेशनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली. शब्द शोधत असावा, कारण जे सांगायचं होतं ते त्यानं इंग्रजीत आधी कधी सांगितलं नसावं. "आमच्यात नव्या घरात राहायला जाताना, घरासाठी तोडलेल्या झाडांची क्षमा मागतात," तो म्हणाला. "मी मागितली. एकेकाचं नाव घेऊन. आता घर पाडून त्यांना कचऱ्याच्या गाडीत घालायचं, आणि नव्या घरात पुन्हा पाणी सोडून क्षमा मागायची, ती कुठल्या तोंडानं मागू?"

तो बसला. विनीनं मागे वळून पाहिलं नाही. तिची निळी टोपी तेवढी खाली झुकली.

मतदान पुढे ढकललं आणि पंधरवड्यानं घर वारसा यादीत गेलं. पण ते त्या संध्याकाळीच स्पष्ट झालं होतं. सभा संपल्यावर वारसा विभागाची अधिकारी उमेशला दाराशी गाठून म्हणाली, मागच्या बाजूनं खुर्चीसाठी उतार बांधता येईल, न्हाणीघर मोठं करता येईल, पुढच्या खोलीला हात न लावता. यादीत गेलेल्या घरांनाही ते करू देतात.

"हे आधी का नाही सांगितलं कोणी?" उमेशनं विचारलं.

"तुम्ही पाडण्याचा अर्ज दिला होतात. उताराचा दिला नव्हतात."

"किती वेळ लागेल?"

"नकाशे, परवानगी, काम... दिवाळी म्हणजे कधी असते तुमची?"

त्यानं सांगितलं. ती नाही म्हणाली. त्यानंतरच्या वर्षीही सांगता येत नाही म्हणाली.

तिचं खरं ठरलं. अण्णा आले ते दीड वर्षानं, आणि त्यातला बहुतेक काळ त्यांनी त्या आश्रमातल्या खोलीत काढला. आल्यावर मागच्या उतारावरून त्यांना घरात नेणाऱ्यांत मी होते. पण माझ्या मनात राहिली ती त्याच्या आधीची, त्या मंगळवारची संध्याकाळ.

नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उमेशनं कोल्हापूरला फोन लावला. रेवतीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. अण्णांची जीभ पक्षाघातानं जड झाली होती, एकेक शब्द सावकाश यायचा.

"अण्णा, घराचं लांबणार," उमेश म्हणाला. "पाडत नाही आता. दुरुस्त करायचंय. किती महिने लागतील सांगता येत नाही." त्यानं फोन दोन्ही हातांत धरला. "भाऊला सांगा, खोली पक्की कर म्हणावं. चुकलं का माझं, अण्णा?"

तिकडून खुर्चीचं चाक कुरकुरल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "घाई कर म्हणून... मी कुठं... उभा राहिलोय? बसलोयच... की."

रेवतीनं तोंडावर हात ठेवला. उमेश हसला, आणि हसता हसता पायरीवर बसला.